म्यान, अभ्रा आणि सारोंग

मलय भाषेत उशीच्या अभ्र्याला 'सारुंग बांताल' म्हणतात. हातमोजा म्हणजे 'सारुंग तांगान', पायमोजा 'सारुंग काकी', आणि क्रिस नावाची ती नागमोडी पात्याची कट्यार ज्यात खुपसून ठेवतात ते म्यान 'सारुंग क्रिस'. बांताल म्हणजे उशी, तांगान म्हणजे हात, काकी म्हणजे पाय. आत काहीतरी सरकवायचं आणि ते झाकलं जायचं, एवढाच या 'सारुंग'चा मूळ अर्थ. गोव्याच्या किनाऱ्यावर दोरीला लटकणारा आणि बालीच्या सहलीत देवळाच्या दारात कमरेला गुंडाळायला देतात तो 'सारोंग' म्हणजे हाच शब्द. फक्त इंग्रजीच्या वळशाने आपल्याकडे आलेला.

नेसायच्या कापडाचं पूर्ण नाव 'काइन सारुंग'. काइन म्हणजे कापड. तेव्हा खोळीचं कापड, असा सरळ अर्थ. साधारण दोन मीटर लांबीच्या कापडाची दोन टोकं एकमेकांना शिवून टाकली की नळी होते, ती नळी म्हणजे सारोंग. न शिवलेल्या लांब कापडाला तिकडे वेगळं नाव आहे, 'काइन पांजांग', म्हणजे लांब कापड. जावा बेटाच्या मधल्या भागात, योग्याकार्ता आणि सुरकार्ताच्या दरबारांत, मान होता तो या काइन पांजांगला. सारोंग उत्तर किनाऱ्यावरच्या बंदरांचा, व्यापाऱ्यांचा आणि खलाशांचा. दोघांत फरक फक्त एका शिवणीचा. पण ती एक शिवण काढली की 'सारुंग' या शब्दाला काही अर्थच उरत नाही, आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत जगभर नेमकी तीच काढली गेली.

नेसण्याची रीत लुंगीवाल्याला शिकवायला नको. नळीत दोन्ही पाय टाकून उभं राहायचं, कापड कमरेपर्यंत ओढायचं, जास्तीचा घेर दोन्ही बाजूंनी पोटावर घडी घालून आणायचा आणि वरची कड तीन-चार वेळा खाली वळवायची. गाठ नाही, नाडी नाही. बायका तोच सारोंग छातीवर बांधून विहिरीवर किंवा नदीवर अंघोळ करतात. रात्री तो पांघरूण होतो. मलेशियातल्या घरांत तुळईच्या आकड्याला एक स्प्रिंग अडकवतात, स्प्रिंगेला सारोंग, आणि त्यात पोर. आपल्या झोळीसारखंच, पण आपल्याला झोळीसाठी लुगड्याला गाठी माराव्या लागतात. तिथे शिवण आधीच आहे, त्यामुळे कापड नुसतं आकड्यात ओवलं की झालं.

आता वादाचा भाग. १८८६ साली लंडनमध्ये अँग्लो-इंडियन बोलीतल्या शब्दांचा एक जाडजूड कोश निघाला, १९०३ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती आली. पौर्वात्य शब्दांच्या मुळांबद्दल काही लिहायचं म्हटलं की आजही लोक आधी तोच उघडतात, आणि वाचायला तो मजेदार आहे यात वाद नाही. त्यातल्या सारोंगच्या नोंदीत मलय-जावी लोकांच्या या नेसूचं वर्णन नीट केलं आहे. हा पोशाख सिलोनमध्येही आहे, मलबारात हिंदू तो पांढरा नेसतात, मापिळे, म्हणजे तिथले मुसलमान, रंगीत, कानडा किनाऱ्यावरचे बंट गडद निळा, असा तपशीलही आहे. मलय प्रदेशात कारकीर्द केलेल्या एका जुन्या अधिकाऱ्याचं मत कोशकार देतो, की शब्द जावी आहे, आधी त्याचा अर्थ म्यान किंवा खोळ आणि मग गुंडाळायचं वस्त्र. आणि त्यानंतर लगेच निकाल लावून टाकतो: मलय बेटांत काय आणि सिलोनमध्ये काय, हा शब्द निःसंशय संस्कृत 'सारंग'वरून आला, कारण सारंग म्हणजे रंगीबेरंगी आणि सारंग म्हणजे वस्त्रसुद्धा.

हे 'निःसंशय' फार महागात पडलं. इंग्रजीतल्या सर्वांत मोठ्या कोशानेही तीच री ओढली, 'संस्कृत सारंगचं कुठलं तरी अर्वाचीन रूप' अशी. तिथून ती छोट्या कोशांत, कोडी सोडवायच्या पुस्तकांत आणि आता आपल्या मोबाइलवर. आपल्याकडे तर ही व्युत्पत्ती आवडण्यासारखीच आहे. जगाने गुंडाळलेलं वस्त्र, आणि नाव आपलं.

पण सारंग हा शब्द मराठी माणसाला ठाऊक आहे, म्हणूनच त्याने जरा सावध व्हायला हवं. सारंग म्हणजे राग, सारंग म्हणजे हरीण, मोर, चातक, भुंगा, हत्ती, ढग, कमळ, धनुष्य, चंदन, केस, रात्र. संस्कृत कोशात या शब्दाखाली इतकी गर्दी आहे की एकाच ओळीत सारंग चार वेळा घालून चार अर्थ काढायची दोहेकारांनी पैज लावावी. त्या गर्दीत 'वस्त्र' हाही एक अर्थ उभा आहे, हे खरं. पण ज्या शब्दाला इतके अर्थ आहेत त्यातून हवा तो उचलता येतो. कोकण किनाऱ्यावर तर आणखी एक सारंग आहे, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या; त्याचा संस्कृतशी काही संबंध नाही, तो फारसी 'सरहंग'वरून आलेला. म्हणजे घरच्या घरीच दोन सारंग एकमेकांचे कोणी लागत नाहीत. मग समुद्रापलीकडचा सारुंग केवळ आवाज जुळतो म्हणून आपला सोयरा कसा धरायचा?

आवाजही धड जुळत नाही. मलय भाषेत संस्कृत शब्दांची कमतरता नाही. राजा, सिंगा (सिंह), गुरु, वार्ना (वर्ण), बहासा (भाषा), नगारा (नगर), बुसाना (भूषण, तिकडे अर्थ पोशाख), सुतेरा (सूत्र, तिकडे अर्थ रेशीम). यातले बरेचसे शब्द शेवटचा 'अ' सोडत नाहीत, उलट तो स्पष्ट 'आ'सारखा म्हणतात. त्या हिशेबाने सारंगचं 'सारांगा' व्हायला हवं होतं. 'कापास'सारखा एखादा शब्द शेवटचा स्वर गाळतो, तो बोलीभाषांतून गेला असावा, असं म्हणून तेवढी सूट देता येईल. पण मधल्या 'अ'चा 'उ' कशाने झाला? त्याचं उत्तर त्या नोंदीत नाही. आणि समजा, रंगीबेरंगी कापडाचा सारंग गेला, तर उशीचा अभ्रा, पायमोजा आणि कट्यारीचं म्यान या सगळ्यांना तेच नाव कसं पडलं? कापडावरून म्यानाकडे जायचा रस्ता अवघड आहे. म्यानावरून कापडाकडे मात्र उतारच आहे.

तो उतार मराठीतसुद्धा आहे. गादीला घालतो ती खोळ, उशीला घालतो ती खोळ. आणि आषाढात शेतावर जाताना घोंगडीची किंवा पोत्याची एक बाजू दुसऱ्या बाजूत दुमडून डोक्यावरून घेतात, तीही खोळच. वस्तूचं झाकण ते माणसाचं पांघरूण हा प्रवास आपण एका शब्दात, कुणाकडून काही उसनं न घेता केला आहे. मलय माणसांनी तेवढंच केलं, फक्त खोळ डोक्याऐवजी कमरेला आणली. मला तरी यापलीकडे मूळ शोधायची गरज वाटत नाही.

त्या कोशकाराला सरळ नावं ठेवणंही अन्यायाचं होईल. ज्या काळात पूर्वेकडचा कुठलाही शब्द हाती आला की आधी संस्कृतात बुडवून पाहायचा, त्या काळातला तो. शिवाय याच कोशात 'कंपाउंड' या शब्दाचं मूळ मलय 'कांपुंग'मध्ये, म्हणजे वस्तीत किंवा आवारात, असावं अशी बाजू बऱ्यापैकी तपशिलाने मांडलेली आहे. सोसायटीचं कंपाउंड मलय, आणि सारोंग मात्र संस्कृत, असा उलटा न्याय एकाच पुस्तकात. मलय शब्द मराठीत थेट जेवणाच्या ताटातही आहेत: साबुदाण्यातला 'साबू' म्हणजे मलय 'सागू'. एकादशीला खिचडी खाताना कुणाला त्याचं काही वाटत नाही.

संस्कृतचा हात सारोंगला लागलाच नाही असं मात्र नाही. तो शब्दाला नाही, कापडाच्या अवयवांना लागला. बाटिकच्या, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या नक्षीच्या, सारोंगात एक आडवा पट्टा वेगळ्या नक्षीचा असतो, बहुतेक वेळा समोरासमोर टोकं आलेल्या त्रिकोणांच्या दोन रांगांचा. या पट्ट्याला म्हणतात 'केपाला', म्हणजे डोकं. हे आपलं कपाल. उरलेल्या अंगाला म्हणतात 'बादान'. हा अरबी बदन, आपल्याकडेही आलेला. कपाळ आणि बदन, दोन्ही परके आणि दोन्ही ओळखीचे, एका मलय खोळीवर बसलेले. आणि बघा, केपालाने शेवटचा 'आ' सोडलेला नाही.

शब्द तिकडचा, पण माल बराच काळ इकडचा होता. सोळाव्या शतकात मलाक्का बंदरात गुजराती आणि कोरोमांडलचे, म्हणजे तमिळ-आंध्र किनाऱ्यावरचे, व्यापारी कापडाच्या गाठी घेऊन बसलेले असत. पाटणच्या पटोळ्याला बेटाबेटांवर इतका भाव होता की काही ठिकाणी तो वारसाने ठेवायचा, मृतावर घालायचा, देवघरात जपायचा ऐवज झाला. मलय भाषेत त्याला 'चिंदाई' म्हणत. डच मसाल्यासाठी आले आणि त्यांच्या लवकर ध्यानात आलं की मोलुक्का बेटांवर लवंग-जायफळ चांदीपेक्षा भारतीय कापडावर सहज मिळतं. १६१२ मध्ये त्यांच्या एका अधिकाऱ्याने वर कळवलं की कोरोमांडल किनारा हा मोलुक्काचा डावा हात आहे, तिथलं कापड नसेल तर इथला व्यापार मेला. पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, आजच्या चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत इथे डचांचा किल्ला उभा राहिला.

या पुलिकतचं, तमिळ पळवेर्काडूचं, नाव मलय माणूस आजही रोज घेतो. मलेशियातला साधा चौकड्यांचा सुती सारोंग, संध्याकाळी घरी आल्यावर पँट काढून नेसतात तो, त्याला म्हणतात 'काइन पेलिकात'. क्वालालंपूरच्या मशीद इंडिया भागातल्या एका दुकानात मी असा एक घेतला. पुठ्ठ्यावर घडी घातलेला, वर चकचकीत लेबल, आतून खळीचा वास. पुठ्ठ्यावर पेलिकात हा शब्द मोठ्या अक्षरांत. दुकानदार तमिळ मुसलमान होता, तीन पिढ्या तिथे. पेलिकात म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, "चौकडी." गावाचं नाव आहे, असं सांगितल्यावर त्याने मान डोलावली, पण त्याला ते पटलं असं वाटलं नाही. त्याचं खरंच होतं. तिथे आता पेलिकातचा अर्थ चौकडीच.

पुढे उलटा प्रवासही झाला. त्याच १८८६च्या कोशात एक वाक्य जाता जाता येऊन गेलं आहे: कोरोमांडलच्या लब्बै मुसलमानांचा रंगीत सारोंग ही मलय लोकांकडून घेतलेली अलीकडची गोष्ट. म्हणजे कापड पुलिकतहून गेलं, तिकडे शिवलं गेलं, आणि शिवून परत आलं. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेच्या तमिळ भागांत त्याला 'सारम' म्हणतात, सिंहलीत 'सरम'. सिंहलीतला शब्द डचांनी आणलेल्या मलय शिपायांकडून आला असं मानायला भरपूर जागा आहे. सतराव्या शतकापासून तिथे मलय पलटणी होत्या, त्यांचे वंशज आजही मलय म्हणूनच ओळखले जातात. पण सिंहलीत या पोशाखाला आणखी एक नाव आहे, 'कंबाया', आणि ते बहुधा आपल्या शेजारच्या खंभातचं. एका बेटावर एकाच नेसूला एक नाव मलायातून आणि एक गुजरातेतून. आज तिथल्या पुढाऱ्यांच्या अंगावर पांढरा सदरा आणि पांढरा सरम दिसला की त्याला 'राष्ट्रीय पोशाख' म्हणतात.

ब्रह्मदेशात उलट झालं. तिथलं जुनं नेसू 'पसो', लांबच लांब, पुढे झुबका सोडायचं. इंग्रजी अमलात भारतातून गेलेल्या लोकांबरोबर आखूड, शिवलेलं कापड आणि त्याचं नाव, लुंगी, दोन्ही गेली आणि 'लोंजी' म्हणून इतकी रुजली की आज तो ब्रह्मी माणसाचा ओळखीचा वेश आहे. लुंगी हा शब्द मुळात फारसीतला, न्हाणीघरात गुंडाळायच्या कापडाचा. रत्नागिरीला १८८६ पासून नजरकैदेत ठेवलेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारलेला ब्रह्मदेशचा शेवटचा राजा हा पसोच्या जगातला. त्याच्यामागे त्याच्या मुलखात लोंजीने जम बसवला.

अक्षरांचा गोंधळ वेगळाच. मराठीत सारोंग, सरोंग, सारॉंग, सारुंग असं काहीही छापून येतं, आणि दोष फक्त आपला नाही. डच अमलातल्या १९०१ च्या लेखनपद्धतीत 'उ'साठी दोन अक्षरं जोडून लिहीत, इंडोनेशियाने १९४७ मध्ये ती काढून एकच अक्षर ठेवलं. इंग्रजी अमलातल्या मलायात शेवटच्या बंद अक्षरात 'ओ' लिहायची पद्धत होती, कारण मलय उच्चारात तिथला 'उ' जरा 'ओ'कडे झुकतो. म्हणून कांपुंगचं कांपोंग आणि सारुंगचं सारोंग. १९७२ मध्ये मलेशिया आणि इंडोनेशियाने एकच लेखनपद्धत ठरवली आणि दोन्हीकडे 'सारुंग' पक्कं झालं. इंग्रजीने मात्र १८३० च्या दशकात घेतलेला शब्द जुन्या वळणासकट तसाच ठेवला. त्यामुळे आज मलय माणूस स्वतःच्या भाषेत सारुंग लिहितो आणि पर्यटकाला विकताना पाटीवर सारोंग.

सारोंगवरून राजकारण कमी झालेलं नाही. डच पूर्व इंडीजमध्ये कुणी कुठल्या जमातीचा वेश घालायचा याचे नियम होते. १८७२ च्या पोलीस नियमांत दुसऱ्या जमातीच्या वेशात हिंडणं हा दंडाचा गुन्हा होता. आणि त्याच वेळी डच साहेबांच्या बायका घरात सकाळभर सारोंग आणि वर केबाया, म्हणजे पातळ लांब बाह्यांचं पोलकं, घालून वावरत. त्यांच्यासाठी पेकालोंगान गावात युरोपीय आणि अर्ध-युरोपीय बायकांनी बाटिकचे कारखाने काढले आणि सारोंगांवर फुलांचे गुच्छ, पऱ्या, अगदी लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगासुद्धा काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून नव्या मेमा आल्या, त्यांना हे गबाळं वाटलं, आणि काही वर्षांत सारोंग मागच्या अंगणात गेला.

नेमकं तेव्हाच देशी तरुणांनीही तो सोडायला सुरुवात केली, वेगळ्या कारणाने. पुढे इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या नेत्याने आपल्या आठवणींत सांगितलं आहे की तरुणपणी एका सभेत त्याने सारोंगाविरुद्ध भाषण केलं होतं: पँट घातली की आपला माणूस ताठ चालतो, सारोंग गुंडाळला की वाकतो. डचांना जे नको होतं ते, म्हणजे देशी माणसाने पँट घालणं, हाच प्रतिकार. मदरशांतले मौलवी आणि विद्यार्थी मात्र सारोंगातच राहिले, त्यांच्या लेखी पँट ही काफिर गोऱ्याची. त्यांना आजही 'काउम सारुंगान', सारोंगवाले लोक, म्हणतात. कधी हिणवून, कधी अभिमानाने. एकाच कापडावरून एकाच देशात दोन उलट्या देशभक्ती. शेवटी २०१९ मध्ये सरकारने ३ मार्च हा राष्ट्रीय सारोंग दिन म्हणून जाहीर केला, आणि तो दिवस साजरा करायला पँटवाले अधिकारीही सारोंग गुंडाळून आले.

थायलंडमध्ये हेच जास्त कठोरपणे झालं. १९३९ ते १९४२ दरम्यान तिथल्या सरकारने संस्कृतीची बारा फर्मानं काढली. त्यातलं दहावं, जानेवारी १९४१ चं, पोशाखाचं होतं. बँकॉकमध्ये त्याचा अर्थ टोप्या आणि झगे. दक्षिणेतल्या पट्टणीकडच्या मलय मुसलमानांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की बाजारात सारोंग नेसून गेलं तर पोलीस अडवणार. तिथल्या असंतोषाची सुरुवात सांगताना लोक अजून या पोशाखबंदीचं नाव काढतात.

पश्चिमेत शब्दाचं काय झालं ते आता थोडक्यात. १९३६ मध्ये हॉलिवूडने मलायाच्या जंगलातली एक गोष्ट पडद्यावर आणली. नायिकेला जे नेसवलं होतं ते एका वेशभूषाकाराने तिच्या अंगाबरोबर बेतलेलं वस्त्र होतं, मलय बाजारात कुणी ते सारोंग म्हणून ओळखलं नसतं. पण नाव चिकटलं. पाठोपाठ दक्षिण समुद्रातल्या बेटांचे चित्रपट आले आणि ताहितीचा 'पारेऊ'ही अमेरिकन प्रेक्षकासाठी सारोंगच झाला. इथेच शिवण सुटली. तेव्हापासून इंग्रजीत सारोंग म्हणजे समुद्रकिनारी अंगाभोवती बांधायचं कुठलंही पातळ चौकोनी कापड. १९९८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा एक फुटबॉलपटू विश्वचषकाच्या तोंडावर पँटवर असंच कापड गुंडाळून फिरायला गेला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याची इतकी टिंगल केली की जणू त्याने गोल सोडला. कोट्यवधी पुरुष जे रोज संध्याकाळी नेसतात ते तिथे एका रात्रीत बायकी ठरलं.

सारोंगाला नीट शिवलेल्या रूपात जगभर फिरवलं ते विमानांनी. मलेशिया आणि सिंगापूरची तेव्हा एकच विमान कंपनी होती. तिने १९६८ मध्ये पॅरिसच्या एका नामांकित शिंप्याकडून हवाईसुंदरींसाठी बाटिकचा सारोंग-केबाया करून घेतला. १९७२ मध्ये कंपनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो वेश सिंगापूरच्या वाट्याला गेला आणि अजून चालू आहे. मलेशियात यावर अधूनमधून कुरकुर होते, आणि ती समजण्यासारखी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी मिळून केबायाला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. एरवी बाटिक कुणाचं यावर भांडणारे शेजारी एकत्र आले, ही बातमीच. नोंद मात्र वरच्या पोलक्याची झाली. खालचा सारोंग नेहमीप्रमाणे जोडीला.

सगळ्यांत जास्त गोंधळ सध्या संग्रहालयांत आहे. सुलावेसीच्या बुगी लोकांचा रेशमी 'लिपा', फिलिपिन्सच्या दक्षिणेतला 'मालोंग', सुंबा बेटावरचा बायकांचा 'लाऊ', यांतल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव असताना काचेमागच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं सारोंग एवढंच लिहिलेलं. हल्ली काही ठिकाणी स्थानिक नाव आधी लिहून पुढे 'नळीसारखं नेसू' असा खुलासा देतात. बाटिकच्या तुकड्यांची अडचण आणखी निराळी. संग्राहकांना कापड भिंतीवर सपाट टांगायचं असतं, म्हणून दुकानदार शिवण उसवून विकतात. मग समोर पडलेला दोन मीटरचा तुकडा सारोंग होता की काइन पांजांगातून कापलेला, हे ठरवायचं कसं? जाणकार आधी केपाला शोधतात, त्रिकोणांचा तो आडवा पट्टा. तो असेल तर सहसा प्रश्न मिटतो. नसेल, तर तुकडा उलटा करून दोन्ही टोकं भिंगाखाली धरतात आणि सुईची भोकं मोजतात.